मीटरची कुळकथा

पॅरिसमध्ये वोजिरार रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या घराच्या कमानीखाली, भिंतीत संगमरवराची एक आडवी पट्टी आहे. तिच्यावर मीटर कोरलेला आहे, दहा भाग पाडून. नवे माप लोकांच्या नजरेत बसावे म्हणून १७९६-९७ मध्ये प्रजासत्ताकाने शहरात अशा सोळा पट्ट्या लावल्या. मूळ जागी उरली ती ही एकच.

राजेशाहीत लांबी मोजायची ती ‘राजाच्या पावला’ने, पण तेही सगळीकडे चालत नसे. गावागणिक मापे बदलत, आणि खंडाचे धान्य घेताना जमीनदाराचे माप नेमके मोठे निघे. १७८९ मध्ये राजाकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत ही तक्रार पुन्हापुन्हा येते. कोणाच्याच मालकीचे नसलेले माप हवे होते. १७९१ मध्ये विज्ञान अकादमीने ते थेट पृथ्वीकडे मागितले: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा कोटीवा हिस्सा.

एवढे अंतर चालून कोण मोजणार? म्हणून त्याचा डंकर्क ते बार्सिलोना हा तुकडा निवडला. १७९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ दलांब्र उत्तरेला आणि मेशँ दक्षिणेला निघाले. दोघांनी घंटाघरांवर, डोंगरमाथ्यांवर चढून त्रिकोण जोडत न्यायचे. त्यानंतर लवकरच राजा पदच्युत झाला. सप्टेंबरात सँ-दनी इथे जमावाने दलांब्रला अडवले आणि भर चौकात उपकरणे उघडून त्यांचा उपयोग समजावून सांगायला लावले. पुढे एका गावात त्याच्या खुणेचे पांढरे कापड लोकांना राजपक्षाचे निशाण वाटले, तेव्हा त्याला तांबड्या-निळ्या पट्ट्या जोडाव्या लागल्या. १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली. या मोहिमेचा हिशेब सांभाळणारा लाव्हाझिए मे १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला. तरीही ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे पक्की केली. माणसे मारली जात असताना हे काम पुरते थांबले नाही, याचे मला फार मोल वाटते.

२२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमची प्रमाण पट्टी दफ्तरखान्यात जमा झाली. पृथ्वीचा चपटेपणा अचूक न धरल्याने ती सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड भरली. मेशँला वेगळीच रुखरुख होती. बार्सिलोनाच्या त्याच्या दोन निरीक्षणांत अक्षांशाचा सुमारे तीन सेकंदांचा फरक येत होता आणि तो त्याने लपवला होता. मोजणी पुढे न्यायला तो पुन्हा स्पेनमध्ये गेला आणि सप्टेंबर १८०४ मध्ये तापाने वारला. त्याच वर्षी मे महिन्यात प्रजासत्ताकाचे साम्राज्य झाले होते. मेशँच्या वह्या दलांब्रच्या हाती आल्या, तेव्हा कुठे तो फरक त्याला कळला.