लिअम ब्रेडी : निरोपाचा गोल

मोबदल्याची आशा संपल्यावरही मनुष्य आपले काम चोख करतो की नाही, यावर त्याची खरी परीक्षा होते. अशा प्रसंगाची उदाहरणे आपण रणांगणावर किंवा राजदरबारी शोधतो. क्रीडांगणाकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही. आम्हांस मात्र असे एक उदाहरण धंदेवाईक फुटबॉलच्या इतिहासात आढळते. त्याचा नायक आयर्लंडचा लिअम ब्रेडी होय.

ब्रेडीचा जन्म डब्लिन शहरी १९५६ साली झाला. १९७३ साली तो लंडनच्या आर्सेनल संघातून प्रथम खेळला. मधल्या फळीतील खेळाडूचे काम मोठे निरपेक्ष असते. मागच्या गड्यांकडून चेंडू घ्यावयाचा आणि नेमक्या क्षणी तो पुढे पोचवावयाचा; गोलाचे श्रेय बहुधा दुसऱ्यालाच. ब्रेडीचा डावा पाय या कामी अजोड होता. १९७९ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल फेडून बरोबरी साधली. तेव्हा ब्रेडीनेच चेंडू पुढे नेऊन रिक्सला दिला, आणि रिक्सने तो गोलासमोर टाकताच संडरलंडने विजयी गोल केला. पण दैवाचे फासे नेहमी अनुकूल पडत नाहीत. १९८० साली ब्रुसेल्स येथे व्हॅलेन्सियाविरुद्ध युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा निकाल पेनल्टींवर लागला. त्यात ब्रेडीची पेनल्टी फुकट गेली व आर्सेनल हरले.

त्याच वर्षी इटलीने अनेक वर्षे बंद ठेवलेले दार परदेशी खेळाडूंस उघडले. प्रत्येक संघास एक. तुरिनच्या युव्हेंटस संघाने ब्रेडीस निवडले आणि १९८१ चे अजिंक्यपद मिळविले. पुढे ही मर्यादा दोनवर गेली, तेव्हा संघाने फ्रान्सचा प्लातिनी व पोलंडचा बोनिएक यांस घेण्याचे ठरविले. दुसरा हंगाम संपण्यापूर्वीच ब्रेडीस आपली गच्छंती कळून चुकली. व्यवहाराच्या दृष्टीने संघ चुकला असे म्हणवत नाही. प्लातिनी पुढे १९८३ पासून सलग तीन वर्षे युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. परंतु व्यवहार बरोबर असला म्हणून मनाचा सल कमी होतो काय?

१६ मे १९८२ हा हंगामाचा अखेरचा दिवस. युव्हेंटस व फिओरेन्तिना यांचे गुण समसमान होते. दक्षिणेकडील कातान्झारो येथे युव्हेंटसचा सामना गोलशून्य चालला असता उत्तरार्धात त्यांस पेनल्टी मिळाली. ज्यास संघाने नको म्हटले होते, तोच ती घेण्यास पुढे आला. ब्रेडीने गोल केला. फिओरेन्तिनाचा सामना बरोबरीत सुटला. युव्हेंटसला विसावे अजिंक्यपद लाभले. ब्रेडी मात्र साम्पदोरिया संघात निघून गेला.

आयर्लंडसाठी तो ७२ सामने खेळला. पण १९८८ ची युरोपीय स्पर्धा बंदी व दुखापतीमुळे हुकली, आणि १९९० च्या विश्वचषकापूर्वीच त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आटोपली होती. १९९६ पासून मात्र त्याने अनेक वर्षे आर्सेनलच्या तरुण खेळाडूंच्या शिक्षणाची धुरा वाहिली.

त्या दुपारी ब्रेडी चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला झाला असता, तर त्यास दोष देणे कठीण होते. तो बाजूला झाला नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.