जरा राक्षसी आणि मगधाचा राजपुत्र

जरासंध हे नाव मराठी माणसास अपरिचित नाही. मथुरेवर पुनःपुन्हा चालून जाणारा आणि अखेर भीमाशी मल्लयुद्ध करताना मारला गेलेला मगधाचा बलाढ्य राजा म्हणून तो कीर्तनांतून आणि पुराणांतून घरोघर पोहोचला आहे. परंतु त्याच्या नावातच जिचे नाव गोवलेले आहे, तिची आठवण क्वचितच कोणी काढतो. जरासंध म्हणजे जरेने सांधलेला. ही जरा राक्षसी होती; आणि तिने केलेले काम मात्र आईचे होते.

महाभारताच्या सभापर्वात ही कथा कृष्णाने युधिष्ठिरास सांगितली आहे. मगधाचा राजा बृहद्रथ यास काशिराजाच्या जुळ्या कन्या दिलेल्या होत्या. दोघींना सारखेच वागवीन असे त्याने वचन दिले होते. परंतु पुष्कळ वर्षे लोटली तरी त्यास संतान झाले नाही. पुढे चंडकौशिक ऋषींनी त्यास एक आम्रफळ अभिमंत्रून दिले. वचनास जागून राजाने ते दोघींना दिले आणि त्यांनी ते अर्धे अर्धे वाटून खाल्ले. दिवस भरल्यावर प्रत्येकीच्या पोटी अर्धे मूल जन्मास आले: एक डोळा, एक हात, एक पाय. शकले सजीव होती. भयाने आणि दुःखाने व्याकुळ झालेल्या राण्यांनी ती दाईंच्या हाती दिली आणि दाईंनी वस्त्रात गुंडाळून ती चव्हाट्यावर टाकली.

तेथे जरा आली. ती मांस-रक्तावर जगणारी, आणि नेण्यास सोयीचे व्हावे एवढ्याच हेतूने तिने दोन्ही शकले एकत्र जुळविली. जुळताक्षणीच त्यांचा एक पूर्ण बालक झाला. तो वज्रासारखा जड होता, राक्षसीच्यानेही उचलवेना. तांबूस मूठ तोंडात घालून त्याने मेघासारखी गर्जना केली, तेव्हा राजवाड्यातील माणसे बाहेर धावली. त्या क्षणी जरेच्या मनात जो विचार आला, तो या कथेचा गाभा होय. आपण याच राजाच्या राज्यात राहतो. पुत्रासाठी झुरणाऱ्या त्या माणसाचे मूल हिरावून नेणे आपणास शोभत नाही, असे तिला वाटले. मनुष्यरूप घेऊन ती पुढे झाली आणि दाईंनी टाकून दिलेले व आपण राखलेले ते मूल तिने बृहद्रथाच्या स्वाधीन केले.

राजाने तिच्या नावाने मगध देशात महोत्सव करविला. महाभारताच्या प्रचलित पाठात जरा स्वतःस गृहदेवी म्हणविते आणि सांगते की, मुलांसह माझे चित्र जो भक्तीने भिंतीवर काढील, त्याच्या घराची भरभराट होईल. चव्हाट्यावरची राक्षसी अशा रीतीने घराच्या भिंतीवर आली.

हे स्थित्यंतर एकाकी नाही. बृहद्रथाची राजधानी गिरिव्रज म्हणजेच बौद्धांचे राजगृह, आजच्या बिहारमधील राजगीर. त्याच नगरीतील हारीती यक्षिणीची कथा बौद्ध विनयग्रंथात आली आहे. पूर्वजन्मी ती एका गवळ्याची गर्भवती पत्नी होती. उत्सवात लोकांनी तिला नाचावयास लाविले, तिचा गर्भपात झाला, आणि तिला तशीच टाकून मंडळी पुढे निघून गेली. तिने पाचशे आंबे एका सत्पुरुषास अर्पण केले आणि या नगरीची मुले मी खाईन असा संकल्प सोडला. पुढील जन्मी तिने तो खरा केला. अखेर बुद्धांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा इतर आयांचे दुःख तिला उमगले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो की, विहारांतून तिची प्रतिमा असे आणि तिला रोज अन्नाचा नैवेद्य दाखवीत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आजही बसलेली आहे. तिच्या पायथ्याच्या शिल्पपट्टीत छडी घेतलेले गुरुजी, पुढे बसून शिकणारी मुले आणि मागे खेळात दंग असलेली मुले कोरलेली आहेत.

चव्हाटा हे मातृदेवतांचे जुने ठाणे. 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्त आपल्या मित्रास मातृकांचा बळी चव्हाट्यावर ठेवून येण्यास सांगतो. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी याच प्रसंगापासून निघून पुण्याभोवतालच्या गावदेवतांची ठाणी पायी हिंडून शोधली. त्यांचा तो अभ्यास १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी घरांत बाळंतिणीच्या खोलीत पुजली जाणारी सटवाईही याच कुळातली. ती बाळाचे ललाट लिहिते आणि तिचा कोपही बाळास बाधतो, असे मानतात. भय आणि माया एकाच देवतेच्या ठायी पाहण्याची ही दृष्टी फार जुनी आहे.

खेद इतकाच की, कथेतील जरेस जे मिळाले ते जिवंत स्त्रियांना मिळाले नाही. गावात मूल दगावले की एखाद्या एकाकी विधवेस चेटकीण ठरवून तिचा छळ करावयाचा, हा प्रकार इतका बोकाळला की जरेचा महोत्सव झाला त्याच बिहार प्रांती १९९९ साली डायन प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला. महाराष्ट्रातही २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि एखाद्यास करणी करणारा ठरवून छळणे हा त्यात गुन्हा ठरला.

बृहद्रथापुढेही त्या रात्री असाच प्रसंग उभा होता. राक्षसी, हातात तान्हे मूल आणि भोवती घाबरलेली माणसे. त्याने शस्त्र उगारले नाही. तू कोण, असे त्याने आधी विचारले, तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि मगधाच्या युवराजास तिचेच नाव दिले.