समुद्रफेन की माकुल?

कावेरीकाठच्या तलकाडात बसून मी ऑस्ट्रेलियाच्या महाकाय कटलफिशवरचा मजकूर मराठीत आणत होते. अंडी घालून झाली की तो मरतो, पाण्यावर तरंगतो. पक्षी जमलेले दिसले की मच्छीमार तिकडे होडी वळवतात. मांस चिवट, गळावरून सहज सुटत नाही, म्हणून आमिषाला उत्तम.

कोशात ‘समुद्रफेन’ सापडला. पण ते तर त्याच्या पाठीतलं पांढरं हाड, सुश्रुतसंहितेपासून औषधात वापरलेलं. हाडाचं संस्कृत नाव ग्रंथांबरोबर समुद्र नसलेल्या गावांतही गेलं; जिवंत प्राण्याचं ‘माकुल’ कोकणच्या होड्यांतच राहिलं. वैद्यांनी ग्रंथ लिहिले, गरवणाऱ्यांनी नाही.

‘माकुल’ म्हटलं की स्क्विडही त्यात येतो. तरी मी माकुलच लिहिलं.