डॉल्फिनमधला वेलिंकर

नाशिककरांना लढाऊ विमानाचा आवाज नवीन नाही. ओझरच्या कारखान्यात आधी मिग तयार झाली, मग सुखोई. गडगडाट ऐकून आपण मोबाइलवरून मान वर करतो, तोवर विमान निघून गेलेलं असतं. पण शंभरेक वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, मुंबईचा एक मराठी आडनावाचा तरुण फायटर पायलट होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याचं नाव श्रीकृष्ण वेलिंकर. शिक्षणासाठी तो इंग्लंडला गेला होता. तेव्हा भारतीय माणूस ब्रिटिश सैन्यात शिपाई म्हणून हवा असायचा, पण लढणारा अधिकारी म्हणून त्याला दार जवळपास बंद होतं. हरदित सिंग मलिक यांनी वैमानिक व्हायची इच्छा धरली, तेव्हा त्यांनाही वाव मिळेना. ते फ्रेंच हवाई दलाकडे वळले. मग त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी ब्रिटिश विमानदलाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं: आपल्याच साम्राज्याचा माणूस फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला नाही, हे काय? त्यानंतर 1917 मध्ये मलिकना अधिकारपद मिळालं. त्या युद्धात असे मोजके भारतीय उडाले: मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिंकर.

वेलिंकर 23 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवायचा. हे विमान दिसायलाही विचित्र. वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून पायलटचं डोकं बाहेर यायचं. वरचं आकाश छान दिसायचं, पण उतरताना विमान उलटलं, तर सगळ्यात आधी डोकंच जमिनीला लागणार. आणि पॅराशूट नाही. ब्रिटिश वैमानिकांना ते दिलंच जात नव्हतं. विमान पेटलं, तर आत बसून राहायचं किंवा तसंच उडी मारायची.

समोरच्या जर्मन वैमानिकांना मात्र 1918 मध्ये पॅराशूट मिळू लागले होते. त्यांच्यात फ्रिट्झ रुमी होता. आधी पायदळात लढलेला, मग यास्टा 5 या तुकडीत गेलेला, नावावर 45 विमानं पाडल्याची नोंद असलेला.

27 जून 1918 रोजी वेलिंकर गस्तीवर गेला आणि परतला नाही. त्याला पाडणारा रुमीच असावा, असं मानलं जातं. जखमी वेलिंकर जर्मनांच्या हाती लागला आणि 30 जूनला गेला. वय 23. त्याला शत्रूनेच पुरलं. युद्ध संपल्यावरही ही कबर नेमकी त्याचीच, हे ठरायला वेळ लागला. आज ती फ्रान्समध्ये आमियां शहराजवळच्या हांगार गावच्या युद्ध स्मशानभूमीत आहे.

पुढच्या काही आठवड्यांत बाकीचे हिशेबही चुकते झाले. अवघ्या 19 वर्षांच्या इंद्रलाल रॉयने जुलैमध्ये 13 दिवसांत 10 विजय नोंदवले आणि 22 जुलैला तो मारला गेला. सेन आदल्या वर्षापासूनच जर्मनांच्या कैदेत होता. आणि रुमी? 27 सप्टेंबरला, वेलिंकरनंतर बरोबर तीन महिन्यांनी, त्याने विमानातून उडी घेतली. त्याच्याकडे पॅराशूट होतं. ते उघडलं नाही.

वेलिंकरच्या कबरीवर, साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मानार्थ, अशा अर्थाची इंग्रजी ओळ कोरलेली आहे. पण याच साम्राज्याने पुढे काय केलं? चौघांनी उडून, लढून, मरून दाखवलं, तरी भारतीयांचं हवाई दल व्हायला 8 ऑक्टोबर 1932 उजाडावा लागला. मधल्या चौदा वर्षांत भारतीय तरुणांना लढाऊ विमान चालवता येईल का, हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारला जात राहिला. जिवंत राहिलेले मलिक विमान सोडून सनदी नोकरीत गेले.

रुमीची विमानं मोजणारी पुस्तकं आणि संकेतस्थळं भरपूर आहेत. त्यांच्या यादीत वेलिंकर म्हणजे जून 1918 मधला एक आकडा. त्या आकड्यामागचं नाव सांगायचं काम मात्र आपलं होतं, आणि ते आपण फारसं केलेलं नाही.