संत्र्याचा ताण आणि जनुकांची मोजणी : संशोधक-प्रशिक्षणाच्या इतिहासातील एक सूत्र

मोर्शी व वरूड या तालुक्यांतील संत्राबागांत पाणी तोडून झाडांना 'ताण' देण्याची आणि मग पाणी सोडून आंबिया बहार धरण्याची रीत जुनी आहे. पाण्याच्या ताणामुळे लिंबूवर्गीय झाडांच्या पानांत फुलोऱ्याशी निगडित अशा 'एफटी' जनुकाची क्रिया वाढते, असे अलीकडील संशोधनात आढळले आहे. अशा प्रश्नांचा मागोवा घेणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास कोणते शिक्षण द्यावे, याचा विचार करताना संगणकाच्या इतिहासापेक्षा शेतीप्रयोगांचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून शेतीप्रयोगांचे जे विवेचन केले, त्यातून पुनरावृत्ती, यादृच्छिक वाटप व गटरचना ही तीन तत्त्वे स्थिर झाली. शेजारच्या दोन वाफ्यांची मातीही सारखी नसते, हे त्यांचे मूळ. भारतात ही तत्त्वे रुजविणाऱ्यांत दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रणी होते : इंदूर येथे कापसावर संशोधन केलेले विनायक गोविंद पानसे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संख्याशास्त्रीय शाखेचे नेतृत्व केलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. गणिताचा विशेष अभ्यास नसलेल्या कृषिसंशोधकांसाठी त्यांनी लिहिलेला ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे २००८ च्या सुमारास आरएनए-अनुक्रमणाची पद्धती प्रचारात आली. पेशीतील आरएनएपासून डीएनए-प्रती बनवून त्यांचे लहान तुकडे यंत्राने वाचावयाचे आणि कोणत्या जनुकाचे किती तुकडे मिळाले ते मोजावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. मोसंबीवर्गीय गोड संत्र्याच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचात सुमारे २९ हजार जनुके नोंदली गेली. प्रत्येकाची चाचणी पाच टक्के पातळीवर घेतल्यास, ताणाचा काहीही परिणाम नसतानाही सुमारे १,४५० जनुके केवळ योगायोगाने 'बदललेली' दिसतील. म्हणून बेंजामिनी व हॉखबर्ग यांची १९९५ ची सुधारणा विद्यार्थ्यास शिकवावी लागते. एकाच नमुन्याच्या फेरवाचनातील चढउतार प्वासाँ वितरणात बसतो. परंतु झाडाझाडांतील फरक त्याहून मोठा असतो. यास्तव २०१० मध्ये पुढे आलेल्या 'एजआर' व 'डीईसेक' या आज्ञावलींनी ऋण द्विपद वितरणाचा आधार घेतला.

तथापि आज्ञावली चालविता येणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. एका झाडाची सहा पाने ही सहा पुनरावृत्ती होत नाहीत. ती एकाच झाडाची सहा मोजमापे होत. ताण दिलेली सर्व झाडे हलक्या मुरमाड जमिनीत आणि पाणी दिलेली सर्व भारी काळ्या जमिनीत असतील, तर ताणाचा परिणाम कोणता व जमिनीचा कोणता, हे कोणताही संगणक सांगू शकणार नाही. एका प्रकारचे नमुने एके दिवशी व दुसऱ्या प्रकारचे भलत्याच दिवशी तयार केल्यानेही असाच घोटाळा होतो. हे दोष मूळ आखणीतले असतात. विश्लेषणाने ते धुऊन निघत नाहीत.

संस्थांच्या इतिहासातही हे सातत्य आढळते. परिषदेच्या त्याच संख्याशास्त्रीय शाखेतून दिल्लीची कृषी संख्याशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. तिच्यात २०१० मध्ये कृषी जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले आणि २०१४ मध्ये 'अशोका' हा महासंगणक सुरू झाला. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासूनच होते. साधने पालटली, वाफ्याच्या जागी झाड आले, उत्पन्नाच्या वजनाच्या जागी तुकड्यांची संख्या आली. तुलना न्याय्य कशी ठरवावी, हा प्रश्न मात्र तोच राहिला.

यावरून प्रशिक्षणाचा क्रमही ठरतो. यंत्राकडून आकड्यांचे संच आल्यावर शिकवावयास आरंभ करणे म्हणजे उशीर करणे होय. कोणती झाडे, किती झाडे, कोणत्या जमिनीतली आणि कोणत्या दिवशीची, हे पान तोडण्यापूर्वी ठरले पाहिजे. अन्यथा प्रबंधातील सदोष निष्कर्ष उद्या सल्ल्याच्या रूपाने बागेत पोहोचेल आणि ताणाचे दिवस चुकल्याने गेलेल्या बहाराचा भुर्दंड संशोधकाला नव्हे, बागाइतदाराला सोसावा लागेल.