बारा तासांची पाळी (उत्तर प्रदेश, २०२०)

कोरोनाच्या टाळेबंदीत उत्तर प्रदेश शासनाने लखनौहून काढलेली आणि आठवडाभरातच मागे घेतलेली कारखानाविषयक अधिसूचना. ८ मे २०२० रोजी निघालेल्या या अधिसूचनेने कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ५ चा आधार घेऊन कारखान्यांना कामाच्या तासांच्या बंधनातून तीन महिन्यांची सूट दिली. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा अनुक्रमे १२ आणि ७२ वर गेली.

खरा घाव मजुरीवर होता. जादा तासांना दुप्पट दर देण्याचे कलम ५९ बाजूला सारून नेहमीचाच दर ठरवला गेला. आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२०, असे उदाहरण अधिसूचनेतच होते. सहा दिवसांच्या आठवड्यात हे रोजचे चार तास ४८ च्या पलीकडचे, म्हणजे दुप्पट दराचे. कायद्याने १६० रुपये मिळायला हवे होते. टाळेबंदीने आधीच खंगलेल्या मजुराचे दिवसाला ४० रुपये सरकारी कागदानेच कापले जात होते.

कामाच्या तासांची ही मर्यादा सहज मिळालेली नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत असताना आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला.

यूपी वर्कर्स फ्रंट या संघटनेने उत्तर प्रदेशच्या अधिसूचनेला अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाची नोटीस निघताच १५ मे रोजी शासनाने अधिसूचना रद्द केली. त्यामुळे मूळ प्रश्नावर निकाल लागला नाही. तो लागला गुजरातच्या तशाच अधिसूचनेवर, १ ऑक्टोबर २०२० रोजी. कलम ५ मधील ‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षेला आलेला धोका. महामारीने आलेली मंदी त्यात बसत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा कामाचे पैसे चुकते करायला लावले.

कारखाने अधिनियमाचे हे संरक्षण कारखान्याच्या फाटकाशीच थांबत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये लखनौच्या गोमतीनगरात एका बँक कर्मचाऱ्याचा कामाच्या जागीच मृत्यू झाला आणि कामाच्या ताणाची देशभर चर्चा झाली. त्याच सुमारास पुण्यातील एका तरुण लेखापालाच्या मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा संबंधित कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. महाराष्ट्राचा २०१७ चा हा कायदा व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदांना लागूही होत नाही. पगारदार तरुणांना अशी पदनामे सर्रास दिली जातात. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.