पहिली पसंती

डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा भरायला जाता ना? तिथलं पटेल ब्रदर्स 1974 साली उघडलं. त्याच्या तीन वर्षं आधी शहराच्या दक्षिण भागातल्या व्हाइट सॉक्स संघाने बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिलं नाव घेतलं: डॅनी गुडविन, पिओरियाचा शाळकरी कॅचर.

आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही, बरं का. तेव्हा तळाच्या संघाला पहिली पाळी मिळे. 2023 पासून सोडत काढतात. निवडलेल्या मुलाने फक्त त्याच संघाशी बोलायचं, पण नकार देऊन तो कॉलेजात जाऊ शकतो. गुडविन गेला! पैशांचं जुळलं नाही. चार वर्षांनी एंजल्सनी त्यालाच पुन्हा पहिला निवडला. असा मान दोनदा मिळालेला तो एकटाच. त्याच 1971 च्या दुसऱ्या फेरीत जॉर्ज ब्रेट आणि माइक श्मिट लागोपाठ गेले, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. स्थळ उत्तम होतं हो, होकार तेवढा राहिला.

1977 मध्ये सॉक्सची पाळी पुन्हा पहिली. मालक बिल व्हीक यांनी हॅरल्ड बेन्सला मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा असल्यापासून पाहिलं होतं, असं सांगतात. त्यांनी त्यालाच घेतलं. तिसरा गेलेला पॉल मॉलिटर हिट्समध्ये सरस ठरला, 3319 विरुद्ध 2866. तरी माझं मत व्हीकच्या बाजूने. बेन्स आला, 1980 पासून शिकागोत खेळला. 1989 च्या जुलैत संघाने त्याला टेक्ससला देऊन टाकलं. ऑगस्टमध्ये तो पाहुण्या संघातून आला, तेव्हा त्याचा 3 नंबर समारंभाने निवृत्त केला.